सखीचं काम

न्हाव्यानं चंदूची हनुवटी संपवली, वस्तरा चामड्यावर दोनदा फिरवला, आणि धोंडूनं सवयीनं मान वर केली. तेवढ्यात झोपाळ्यावरून मालक म्हणाले, "धोंडूला सोड. आजपासून त्याला वस्तरा लावायचा नाही." धोंडूचा वरचा ओठ भिजवून झाला होता. न्हाव्यानं एकदा मालकांकडे पाहिलं, एकदा धोंडूकडे, आणि पाटीवरचं चुकलेलं अक्षर पुसावं तसा तो ओठ पंच्यानं पुसून टाकला. "नव्या नाटकात सखी नाहीये," मालक पानाला चुना लावत म्हणाले. "लेखकानं काढूनच टाकलीय. नायिका आता स्वतःशीच बोलते. एकटी. नवी रीत आहे म्हणतात. तू पहारेकरी हो. मिशी भरघोस पाहिजे, आतापासून राखलीस तर महिन्याभरात येईल." धोंडू "बरं" म्हणाला. मालकांना कंपनीत कोणी दुसरं काही म्हणत नसे. न्हाव्यानं वस्तरा मिटला, आणि फणसवाडीतल्या कंपनीच्या त्या बिऱ्हाडात रोजची सकाळ रोजच्यासारखी पुढे सरकली. आत चुलीवर आमटीला उकळी आली, पेटीवाल्यानं भाता ओढून पाहिला, चंदू आरशासमोर बसून गालावरून हात फिरवत राहिला. धोंडू मात्र उगाच तीन वेळा जिना उतरला आणि तीन वेळा चढला.

दिवसभर त्याची जीभ पुन्हा पुन्हा वरच्या ओठाकडे जात होती. अजून तिथं काही नव्हतं, पण काहीतरी येणार आहे हे ओठाला कळलं होतं. तेहतीस वर्षांच्या माणसाला मिशी राखायला सांगितली तर त्यात एवढं काय मोठं, असं कोणीही म्हणेल. घोडपदेवच्या चाळीत बापानं तर पेढे वाटले असते. पण धोंडू सोळा वर्षं सखीचं काम करत होता, आणि सखीचं काम म्हणजे काय हे ज्यानं केलं नाही त्याला सांगता येत नाही, ज्यानं केलं त्याला कोणी विचारत नाही. हस्तपत्रकावर नायिकेचं काम करणाऱ्या चंदूचं नाव मोठ्या टायपात येई, त्याखाली राजाचं काम करणाऱ्याचं, त्याखाली विदूषकाचं, आणि अगदी तळाशी 'सखी, दासी, नगरजन वगैरे'. त्या वगैरेच्या अलीकडे दोन पावलं धोंडूचा संसार. त्याला पद नव्हतं. एकदा हुबळीच्या मुक्कामात चार ओळींचं मिळालं होतं, तेही खेळ लांबतो म्हणून तिसऱ्या रात्री कापलं. त्याची वाक्यं बोटांवर मावतील इतकीच. "बाईसाहेब, महाराज इकडेच येताहेत." "अगं बाई, असं काय करतेस?" आणि सगळ्यात जास्त वेळा, प्रत्येक नाटकात, प्रत्येक अंकात, "मग गं?"

त्या "मग गं?"वर त्याचा जीव होता. नायिका मनातलं सांगत असते तेव्हा सखीनं कुठं पाहायचं, मान किती कलती करायची, पंखा कुठल्या शब्दाला थांबवायचा आणि पुन्हा कधी हलवायचा, हे कोणत्याही तालमीत कोणी शिकवलं नव्हतं. मालकांच्या लेखी सखी म्हणजे बसायला दिलेलं माणूस. पण धोंडूला पक्कं ठाऊक होतं की पिटातली माणसं चंदूकडे बघतात आणि ऐकतात मात्र धोंडूच्या कानांनी. त्याचा हात थांबला की त्यांचे श्वास थांबत. सांगलीला एका म्हाताऱ्या शौकिनानं चंदूला उपरणं दिलं, डोळे पुसत पुसत दिलं, आणि जाताजाता धोंडूकडे बघून नुसती मान हलवली. ती मान धोंडूनं आजवर जपून ठेवली होती. आता नायिका स्वतःशीच बोलणार. म्हणजे कोणाशी? धोंडूला हे काही केल्या उमजेना. आपलंच दुःख आपल्याच तोंडानं आपल्यालाच सांगायचं, तर मग दुसऱ्या बाजूला कोण बसलेलं असतं? वेडी माणसं तशी बोलतात. ठाकूरद्वाराच्या नाक्यावर एक बाई बसे ती तसं बोलायची, आणि लोक तिला चार हात लांबून जात.

हे ऐकणं तो शिकला होता बायकोकडून, रखमेकडून, आणि ही गोष्ट त्यानं कंपनीत कोणाला सांगितलेली नव्हती. बाप कुशाबा लालबागच्या गिरणीत साच्यावर होता. त्यानं गावाहून धोंडूला आणलं ते गिरणीत चिकटवायला, आणि पोरगं गळ्याच्या नादानं नाटकात शिरलं. पहिल्यांदा गुळगुळीत ओठ घेऊन घरी गेला तेव्हा कुशाबानं ताटावरून उठून त्याला दाराबाहेर उभं केलं होतं. "बापूस जितो आसताना मिशी काढलंस? मी मेलंय असा समजलंस काय?" बाप मेल्यावरच मिशी उतरवायची, हे त्यांच्याकडे लहान पोरालाही माहीत. त्या दिवसापासून सोळा वर्षं कुशाबानं मुलाबरोबर एका पंगतीला जेवण घेतलं नाही. कंपनी मुंबईत असली की धोंडू आइतवारी घरी येई, तेव्हा म्हातारा आधी जेवून चौकात जाऊन बसे. धोंडू मग आत चुलीशी, रखमेच्या शेजारी बसून जेवे. पुरुषानं चुलीपाशी बायकोच्या मांडीला मांडी लावून बसायचं ही रीत नव्हे, पण बाहेरच्या खोलीत त्याला जागाच नव्हती. बापानं त्याला शिक्षा म्हणून आत ढकललं, आणि धोंडूला आत जे सापडलं ते बाहेर बसणाऱ्या कुणाला कधी सापडलं नसेल.

लग्नाच्या तिसऱ्या वर्षी शेजारणींबरोबर रखमा एकदा नाटकाला आली होती, बायकांच्या माडीवर बसून तिनं सगळा खेळ पाहिला. पुढच्या आइतवारी भाकरी थापता थापता, त्याच्याकडे न बघता म्हणाली, "त्या खेळात एक सखी होती. बरी होती गे. माका आवडली." धोंडूही तितक्याच गंभीरपणे म्हणाला, "तिला सांगेन हो." नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हाक मारायची तर कशी मारायची, हा रखमेचा तीन वर्षांचा पेच तिथं सुटला. त्या दिवसापासून चुलीपुढे, तिसरं माणूस नसलेल्या त्या अंधाऱ्या कोपऱ्यात, तो तिची सखी झाला. "सखे, जेवतलंस मां?" असं म्हणायची. तूतुकार करायची, चेष्टा करायची, त्याच्या हातून केस विंचरून घ्यायची, सासऱ्याची नक्कल करून दाखवायची, आणि नळावरच्या भांडणापासून अंगावरच्या दुखण्यापर्यंत सगळं सांगायची. धोंडू शेंगा सोलत ऐकायचा. कधी "मग?" म्हणायचा, कधी तेही नाही. पाचव्या वर्षी त्यांना मुलगी झाली. अकरा दिवस जगली. बाराव्या दिवशी बारसं करायचं होतं, ते राहिलं, त्यामुळे तिला नावही नव्हतं. रखमा मग कोणाशी बोललीच नाही, आईशी नाही, शेजारच्या गंगुबाईशी नाही, एकट्या सखीशी बोलली. ते अकरा दिवस तिनं त्याला एकेक करून सांगितले, कुठल्या दिवशी पोरीनं मूठ कशी धरली, कुठल्या दिवशी दूध ओढलं नाही. धोंडू ऐकत होता, पण तो रडला नाही, कारण तो रडला असता तर ती थांबली असती. पुढच्याच महिन्यात कोल्हापूरच्या खेळात चंदूच्या विरहाच्या प्रवेशात त्याची मान आपोआप तशीच कलली, हात तसाच थांबला, आणि प्रेक्षागृह स्तब्ध झालं. चंदूला त्या पदाला दोनदा वन्स मोअर मिळाला. विंगेत आल्यावर धोंडूला स्वतःची भयंकर लाज वाटली. घरातली वस्तू चोरून बाजारात विकल्यासारखं झालं होतं. तरी पुढच्या खेळात त्यानं ती पुन्हा वापरली, आणि त्याच्या पुढच्याही.

मिशी यायला लागली तशी त्याची बेचैनी वाढत गेली. आधी नुसती खाज, मग काळसर सावली, मग टोचणारे खुंट. कंपनीत चेष्टा झाली ती झालीच. विदूषक रोज सकाळी पिकाची पाहणी करायला येई, पाऊसपाणी कसं काय विचारी. ते धोंडूला चाललं. पण फणसवाडीतल्या नळावर ज्या बायका सोळा वर्षं त्याला बघून पदर सावरायच्या विसरत, घागर भरताना त्याच्याशी भाजीच्या भावावरून बोलत, त्या आता तो आला की गप्प होऊन बाजूला सरकू लागल्या. कोणी काही बोललं नाही. एकीनं नुसती घागर अलीकडची पलीकडे घेतली. धोंडू पाणी न भरताच परतला. रस्त्यानं चालताना त्याच्या पायांचं काही खरं राहिलं नव्हतं. चार पावलं सखीची पडत, छोटी, एकाच रेषेत. मग मिशीची आठवण होऊन पाचवं पाऊल तो लांब टाकी, आणि धोतराचा सोगा पायात येई. ट्रामचा घोडा अंगावर येईपर्यंत तो एकदा रस्त्याच्या मध्यात उभा राहिला होता, कोणतं पाऊल टाकायचं ते न ठरल्यामुळे. पाच आइतवार तो घरी गेला नाही. तालीम आहे असा निरोप गिरणीतल्या एका ओळखीच्या बरोबर धाडला. हे अर्धवट तोंड रखमेला दाखवायला त्याला नको वाटत होतं. एकदा पुरतं काय ते येऊ दे, मग जाऊ, मग ती हसेल, मग दोघं मिळून हसू. कंपनीतली सखी गेली तर गेली. चुलीपाशी अजून ती आहे, तिला काही कोणी लेखक काढून टाकू शकत नाही. या एका विचारावर तो ते पाच आठवडे तगून राहिला होता.

पहारेकऱ्याला वाक्य नव्हतं. हातात भाला घेऊन राजवाड्याच्या दाराशी उभं राहायचं, तोंड बाहेर, पाठ नायिकेकडे. मालकांनी पहिल्याच तालमीला खडूनं पावलांच्या जागा आखून दिल्या. धोंडू त्या पावलांवर उभा राही आणि मागे चंदूचं एकटीचं भाषण सुरू होई. सोळा वर्षं जे तोंडावर झेललं ते आता पाठीवर पडत होतं. चंदू हुशार नट, पण त्यालाही ते जड जात होतं, हे धोंडूला न बघता कळे. वाक्य संपलं की चंदू क्षणभर थांबे, कोणीतरी "मग गं?" म्हणेल म्हणून थांबल्यासारखा, आणि मग स्वतःच घाईनं पुढे जाई. ते एवढंसं थांबणं धोंडूच्या मानेत रुतून बसायचं. त्याला वेडी आशा वाटू लागली की चंदू कधीतरी मालकांना म्हणेल, सखी परत आणा, मला एकट्यानं जमत नाही. चंदू तसं काही म्हणाला नाही.

रंगीत तालमीच्या दुपारी गिरगावातली दहाबारा बडी मंडळी मुद्दाम बोलावलेली होती. शेले, पागोटी, अत्तराचा वास. धोंडूची मिशी आता चांगली आली होती, तिला तूप लावून पीळ दिला होता, आणि आरशात पाहिल्यावर त्याला आपल्या बापाचा चेहरा दिसून तो दचकला होता. तिसऱ्या अंकात चंदू एकटा मंचावर आला. चांगला रंगला. हळूहळू पुढे येत, हात गळ्याशी नेत, त्यानं ते वाक्य टाकलं, "देवा, हे मी आता कुणाला सांगू?" आणि थांबला. धोंडूला पुढं काय झालं ते कळलंच नाही. भाला त्यानं भिंतीला टेकवला, वळला, दोन छोटी पावलं टाकून गुडघा मुडपून चंदूशेजारी बसला, मान कलती केली, आणि मिशीखालून सखीच्या त्या मऊ आवाजात म्हणाला, "मला सांग गं."

एक क्षण चंदू सांगणार होता. हे धोंडू शपथेवर सांगू शकला असता. चंदू त्याच्याकडे वळला, त्याचे ओठ हलले, डोळ्यांत ते जुनं पाणी आलं. मग पहिल्या रांगेत कोणाला तरी हसू फुटलं आणि सगळी मंडळी हसायला लागली, मोठमोठ्यानं, पोटं धरून. चंदू उठून आत गेला. रंगपटात मालक ओरडलेसुद्धा नाहीत. शांतपणे म्हणाले, "धोंडू, मिशी आहे तोवर बाई विसरायची. पुन्हा हे झालं तर भाला ठेवून घरी जायचं." कानातली काढता काढता चंदू आरशातूनच बोलला, "चुकतं रे माणूस, मी काही मनात धरत नाही. पण तुझी सवय मलाही मोडायला हवी. एकट्यानं बोलायचं म्हणजे एकटंच असायला लागतं." धोंडूनं मान डोलावली. चंदूचं बरोबर होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी आइतवार होता. धोंडू सकाळीच निघाला आणि ट्राममध्ये न बसता चालत गेला, कारण बसून राहणं त्याला शक्यच नव्हतं. भायखळ्यापर्यंत तो मनातल्या मनात रखमेला सगळं सांगत होता. खडूची पावलं, तूप लावलेली मिशी, "मला सांग गं", पागोटी सावरत हसणारी ती मंडळी. कुठं थांबायचं, कुठं ती हसेल, कुठं हसायची थांबेल, सगळं त्यानं बसवलं होतं. आज आपण सांगायचं आणि तिनं ऐकायचं. इतक्या वर्षांत हे कधी झालंच नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं, आणि बरंही वाटलं. गिरण्या बंद असल्यानं धुराडी मोकळी होती, घोडपदेवच्या चढावर लख्ख ऊन पडलं होतं.

कुशाबा गॅलरीत बाकड्यावर बसला होता. मुलगा जिन्यावरून वर आला तसा म्हातारा डोळे बारीक करून बघत राहिला, मग उठला, आणि सोळा वर्षांनी त्यानं धोंडूच्या खांद्यावर हात ठेवला. "इलंस? बस, बस हंय. आता कसो बापयासारको दिसतंस." मुलाला बापया, पुरुष म्हणताना त्याचा आवाज फुटत होता. "मी जितो आसंय अजून, आता लोकांका कळतला तरी." या हातासाठी धोंडूनं कधीकाळी किती वाट पाहिली होती. तो हात आला होता, जड होता, आणि धोंडूला रडू आलं. पण त्याच वेळी त्याचे डोळे आतल्या खोलीच्या दाराकडे लागले होते, रखमा अजून का येत नाही म्हणून.

ती आली पाण्याचा तांब्या घेऊन. एकदा वर बघितलं. धोंडूनं मिशीखालून हसून भुवई उडवली, चुलीपुढची ठरलेली खूण. रखमेचा डावा हात पदराकडे गेला, पदर डोक्यावरून कपाळापर्यंत आला, आणि तांब्या त्याच्या हातात न देता तिनं खाली ठेवला. सासऱ्यासमोर असं करावंच लागतं, त्यानं स्वतःला समजावलं. पण मग कुशाबा हात धुवायला खाली गेला, खोलीत दोघंच उरली, आणि रखमा तशीच उभी राहिली, भिंतीला चिकटून, पायाच्या अंगठ्याकडे बघत. "जेवतलात?" तिनं विचारलं.

धोंडूनं मागे वळून पाहिलं. बाप परत आला असं त्याला वाटलं. मागे कोणी नव्हतं. जेवतलंस नव्हे, जेवतलात. एका अक्षरानं तिनं त्याला उचलून बाहेरच्या खोलीत, मानाच्या पाटावर नेऊन बसवलं होतं. "अगं, मी आहे," तो म्हणाला, आणि सखीचा आवाज काढायला गेला. रखमा घाबरल्यासारखी दाराकडे बघू लागली. त्या मिशीतून तो आवाज आला तेव्हा तिला ती चेष्टा वाटली नाही, किळस वाटली असावी. निदान धोंडूला तिच्या चेहऱ्यावर तसंच काहीतरी दिसलं. "पानां घेतंय," एवढंच म्हणून ती आत गेली. म्हाताऱ्यानं स्वतःच्या पाटाशेजारी त्याचा पाट मांडला. कुशाबा प्रत्येक घासाला काहीतरी बोलत होता, मुकादमाशी बोलतो, गावाला जाऊन ये, मामाला मिशी दाखव. बांगड्याचं तिखलं होतं, धोंडूच्या आवडीचं. त्याला चव लागली नाही. आत चुलीपाशी रखमा एकटी जेवत होती. इतक्या जवळ, की तिच्या ताटलीचा आवाज येत होता, आणि तिथं उठून जाणं आता सगळ्या चाळीच्या देखत करता येण्यासारखं नव्हतं.

जेवणानंतर बापानं त्याला चौकात नेलं आणि चार म्हाताऱ्यांना दाखवून आणलं. परत आला तेव्हा ऊन कललं होतं, कुशाबा खालीच विडी ओढत थांबला होता. धोंडू एकटाच वर चढला. दार लोटलेलं होतं. आतून रखमेचा आवाज येत होता, तो आवाज, खालच्या पट्टीतला, चुलीपुढचा, जो त्यानं पाच आठवडे मनात धरून ठेवला होता. क्षणभर त्याला वाटलं की ती स्वतःशीच बोलतेय. मग गंगुबाईचं हूं ऐकू आलं. "तिसरो म्हयनो लागलो, गंगुबाय," रखमा सांगत होती. "अजून कोणाक सांगूक नाय. माका भय वाटता. आधीच्या येळेसारखा झाला तर?" गंगुबाई काहीतरी पुटपुटली. "घोवाक सांगलंस?" तिनं नवऱ्याचं विचारलं. "त्येंकाच सांगूचा होता," रखमा म्हणाली, "पाच आइतवार वाट बघलंय. आता कसां सांगू? बापयाक असां कसां सांगतत?"

धोंडूचा हात दारावर होता. इतक्या वर्षांनी मूल येत होतं, आणि त्याचं सगळं अंग एकदम आत जायला निघालं, जाऊन बसायला, शेंगा असतील त्या ओढून घ्यायला, मान कलती करायला. तो आनंद त्याला सोसवेना, आणि ते तिचं भयही सोसवेना, आणि दोन्ही ज्याला सांगितलं जात नव्हतं तो आपणच आहोत, हे तर अजिबात सोसवेना. "मग?" एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात गॅलरीच्या टोकाच्या खोलीतला गिरणी कामगार दार उघडून बाहेर आला, आणि बायका बोलत असलेल्या दाराशी कान देऊन उभ्या असलेल्या त्या मिशीवाल्या माणसाकडे टक लावून पाहू लागला. धोंडू ताठ झाला. बायका बसलेल्या घरात शिरण्याआधी चाळीतला कोणताही पुरुष करतो ते त्याच्याकडून आपोआप झालं. तो खाकरला.

आतलं बोलणं थांबलं. पाट सरकला, बांगड्या वाजल्या, गंगुबाई मागच्या दारानं निघून गेली. मग रखमा डोक्यावर पदर घेऊन दारात आली, आणि त्याला आत जाता यावं म्हणून बाजूला उभी राहिली.